पहिल्या हाकेला

मंगळवारी ज्या माणसाचा डावा पाय गुडघ्याखाली कापून टाकला, त्याच माणसाने पुढच्याच रविवारी डाव्या पायाने दोन गोल मारले होते. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पदराने पुसला, पुन्हा वाचलं, आणि तिला चक्क हसूच फुटलं. जुन्या दप्तरखान्याच्या त्या लांबलचक खोलीत हसायची पद्धत नव्हती. पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वर केली. "काय सापडलं एवढं?" "काही नाही हो, लिहिणाऱ्याने घोळ घातलाय," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बघू लागली. इस्पितळाच्या वहीत नाव आजोबांचंच होतं, आडनावासकट. वय बरोबर, कारखाना बरोबर, कामगारांच्या चाळीतली वरच्या मजल्यावरची टोकाची खोलीसुद्धा बरोबर, आणि धंद्याच्या रकान्यात 'फुटबॉल' एवढा एकच शब्द, जणू तो लिहिताना लिहिणाऱ्याला गंमत वाटली होती. वर्तमानपत्रात त्याच नावाखाली रविवारच्या सामन्याची हकिकत होती. दुखापत किरकोळ निघाली, आपला डावरा पुन्हा मैदानात आला आणि लोकांनी टोप्या उडवल्या, असं छापलं होतं. हसू लगेच ओसरलं. इस्पितळात एक्स-रे काढण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं, आणि कापलेला पाय किरकोळ नसतो हे कळायला तेवढं आयुष्यही लागत नाही. शिवाय आजोबांचे पाय तिने पाहिले होते. लहानपणी संध्याकाळी त्यांच्या पोटऱ्या चेपायचं काम तिच्याकडे असायचं. चांगले दोन पाय होते. खरबरीत, शिरा वर आलेले, पण दोन.

तिने वही मिटली नाही. मिटली असती तर बरं झालं असतं असं पुढे तिला कितीदा वाटलं. पण घरून निघताना अप्पांनी बजावलं होतं, अर्धवट काही आणू नकोस म्हणून. अप्पा म्हणजे तिचे वडील, डावऱ्याचा एकुलता एक मुलगा. पंचाऐंशी ओलांडली होती आणि गेल्या थंडीत न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याचा एक्स-रे तिनेच काढला होता. काचेमागे उभी राहून तिने बटण दाबलं, पडद्यावर ती काळी फट उमटली, आणि बाहेर येऊन तिने अप्पांना तेच सांगितलं जे ती सगळ्यांना सांगत आली होती: "डॉक्टर सांगतील." तिच्या कामात तशीच रीत आहे. सगळ्यांत आधी बघायचं तिने, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. लोक तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात, काही कळतंय का म्हणून. तिने चेहऱ्याला सवय लावून घेतली होती. सवय इतकी पक्की झाली की नवरा गेला तेव्हाही तो चेहरा हलला नाही, आणि बायका आपसात म्हणाल्या, काय दगड आहे बाई.

क्लबला शंभर वर्षं होत होती. कारखाना केव्हाच बंद पडला, पण संघ राहिला, आणि आता मैदानाला नवं प्रवेशद्वार बांधून त्यावर पहिल्या पगारी खेळाडूचं नाव कोरायचं ठरलं होतं. पगार घेऊन बॉलला लाथ मारायची ही गोष्ट त्या काळी लोकांना खुळेपणाची वाटायची, आणि त्या खुळेपणाचा पहिला मानकरी तो डावरा. क्लबचे चिटणीस मोठे हौशी गृहस्थ. घरी येऊन अप्पांचा हात हातात धरून म्हणाले होते, "तुम्ही समोरच्या रांगेत बसायचंय, खुर्चीतून उचलून नेऊ आम्ही. फक्त एवढं, की आणखीही दोन घरांनी 'पहिला पगारी आमचाच' असा दावा सांगितलाय. तेव्हा जुन्या नोंदींतून जरा जुळवून द्या. म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा नको." ते गेल्यावर अप्पांनी तिला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "तू जा. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. आणि नुसतं त्यांचं नाव शोधू नकोस. त्या खोलीत कोण कोण राहत होतं ते बघ. एकूण एक माणूस बघ." तिला वाटलं, म्हाताऱ्याला जाताना तेवढं एक मोठेपण हवंय. हवं असेल तर काय चुकलं? आयुष्यभर हिशेबनीस म्हणून वह्या खरडल्या, कुणी कधी समोरच्या रांगेत बसवलं नाही. तिने रजा काढली. धाकटा भाऊ परगावाहून फोनवर म्हणाला, "ताई, मनावर घे हं. माझ्या पोरालाही क्लबात चिकटवून घेतील." त्याचं सगळं असंच, कुणाच्या ताटात काय आहे त्यावर डोळा.

दुसऱ्या दिवशी कारकुनाला तिने कागद दाखवलेच. किडकिडीत माणूस, बोलणं तिरकं, पण फुटबॉलचा वेडा. त्याने दोन्ही कागद वाचले आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "घोळ नाही हा, बाई. असं चालायचं तेव्हा. हंगाम सुरू होण्याआधी पगारी खेळाडूंची नावं कळवायची. एकदा नाव चढलं की चढलं, मग वर्षभर नवा पगारी माणूस घेता यायचा नाही. आता ऐन हंगामात एखाद्याचं तंगडं मोडलं तर कारखान्याने काय करायचं? दुसरा धरून आणायचा आणि त्याच नावाने उतरवायचा." "आणि बघणाऱ्या लोकांना कळायचं नाही?" "कळायचं की! मैदानात हजारो माणसं. पण गोल होतोय ना, मग कोण बोलतंय? पेपरवाले कारखान्याचा चहा पिऊन लिहायचे." तो हसला. मग तिच्याकडे बघून थांबला. "यातले तुमचे कोणते?" तिने सांगितलं नाही. सांगायला तिलाच कुठे माहीत होतं. पण माहीत नव्हतं असंही नाही. पडद्यावर फट उमटलेली होती.

त्या दिवशी घरी जाताना तिला आजोबा आठवत राहिले, आणि आठवलेली प्रत्येक गोष्ट आता उलटी होऊन समोर यायला लागली. आजोबांना हाक मारली की पहिल्या हाकेला ते कधी ओ देत नसत. दारात कुणी आडनावाने हाळी दिली तरी समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहायचे. दुसरी हाक आली की एकदम दचकून "ओ, ओ, मीच" म्हणून उठायचे. घरात त्याची थट्टा चालायची. 'आजोबा दोन हाकांचे' असं आईने नावच ठेवलं होतं. कान तपासून आणले, कान ठणठणीत निघाले. आणि एकदा अंगणात रिकामा डबा पडला होता, ती पाच-सहा वर्षांची असेल, आजोबांनी जाता जाता त्याला लाथ मारली. उजव्या पायाने. डबा थेट कुंपणावरून पलीकडे गेला. ती टाळ्या पिटत ओरडली, "आजोबा, पण तुम्ही तर डावरे ना?" त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कुंपणापलीकडे जाऊन डबा आणला, खाली ठेवला आणि पुन्हा मारला, डाव्या पायाने. तो जेमतेम वितभर सरकला. "म्हातारा झालो गं," ते म्हणाले होते. एखाद्या जवान माणसाने, डोळ्यांसमोर हजारो माणसं असताना, आपला चांगला पाय बाजूला ठेवून दुसऱ्याच्या पायाने खेळायला शिकायचं म्हणजे काय जिवाचा आटापिटा केला असेल. कदाचित बायकोपोरांच्या पोटात अन्न नसेल. असेलच तसं काही. तिला त्यांची कीव आली, आणि लगेच त्या दुसऱ्याची आठवण होऊन कीव आल्याचीच लाज वाटली.

दुसऱ्याचं पुढे काय झालं ते शोधायला तिला वेळ लागला, कारण ती नावाने शोधत होती. नावाने तो मिळणारच नव्हता. नाव तर दर रविवारी मैदानात धावत होतं. शेवटी तिने इस्पितळातल्या खाटेवरून शोधलं. त्याच वॉर्डातली तीच खाट, पाय कापल्यावर थोड्याच दिवसांनी रिकामी झाली होती, आणि मृतांच्या वहीत त्या दिवशी लिहिलं होतं: पुरुष, अनोळखी, डावा पाय नाही, नेण्यास कुणी नाही. अनोळखी झालाच कसा? दाखल केला तेव्हा त्याला नाव होतं, वय होतं, धंदा होता. कारखान्याचा कुणीतरी येऊन गेला असणार, कुणाला तरी काहीतरी सांगितलं असणार, आणि ताप चढलेला तो माणूस स्वतःचं नाव सांगत असेल तर कुणी मान डोलावली असेल, हो हो, पड तू, म्हणून. ती जिथे रोज कामाला जाते त्या वॉर्डांचाच वास तिला त्या वहीला यायला लागला, ओल्या चादरींचा आणि फिनेलचा.

चाळीच्या वहीत भाडेकरू बदलला नव्हता. नाव तेच, खोली तीच. फक्त बाजूच्या रकान्यात एका महिन्याला बायको एक, मुलगी एक असं होतं, आणि पुढच्या महिन्याला बायको एक, मुलगा एक. मुलगी पुसून वर मुलगा लिहिलं होतं, बस. तो मुलगा म्हणजे अप्पा. आणि मुलगी? अनाथ मुलांच्या आश्रमाची वही कारकुनानेच शोधून आणली. या सगळ्यात त्याचं तिरकं बोलणं बंद झालं होतं. मुलगी, वय सहा, हुशार, स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि खोली स्पष्ट सांगते. आई कामाला म्हणून गेली ती परतली नाही. खाली वेगळ्या शाईत: कारखान्याच्या चाळीत चौकशी केली. त्या नावाचा इसम भेटला. मुलगी आपली नव्हे असं सांगतो. त्याच्याही खाली, उन्हाळा लागायच्या आत, घटसर्प, आणि तारीख. कारकून म्हणाला, "पाणी देऊ का?" ती नको म्हणाली. चेहरा हललेला नव्हता, मग याला कसं कळलं, एवढंच तिच्या मनात आलं. मुलगी आपली नव्हे. खरंच तर होतं ते! आजोबांनी काडीचं खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर एक माणूस दारात उभा राहिला, उंच, हडकुळा, जिभेवर दुसऱ्याचं नाव बसवलेला, आणि त्याला विचारतायत, ही पोर तुझी का? त्याने हो म्हटलं असतं तर? एका पोरीला जेवू घालायला असं काय लागलं असतं? तिला त्यांचा राग आला, इतका की ज्या हातांनी तिने त्यांच्या पोटऱ्या चेपल्या होत्या ते हात तिने उगाचच साडीला पुसले.

भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, एक सांग. हे त्या कारकुनाशिवाय कुणाला ठाऊक आहे?" "कुणालाच नाही." "मग मूग गिळून गप्प बस. ऐंशी वर्षांपूर्वीची भुतं उकरून कुणाचं भलं होणार आहे? आणि अप्पांचा विचार कर. बिछान्यातला माणूस. हे ऐकून आजचा उद्या जाईल." भाऊ आपमतलबी, पण हे शेवटचं तिला पटलं. पटलं म्हणजे तिलाही तेच हवं होतं. रात्रभर ती घोळवत राहिली. सकाळी इस्पितळातला बिल्ला टेबलावर पडला होता, त्यावर तिचं नाव आणि आडनाव. हे आडनाव ज्याचं, तो अनोळखी म्हणून गेला. ते तिने शाळेच्या दाखल्यावर मिरवलं, लग्नानंतरही सोडलं नाही, डावऱ्याच्या घरची म्हणून. तिने बिल्ला पालथा घातला आणि चिटणिसांना फोन लावला. "हो, आमचेच आजोबा. सगळं जुळलं. सही करते मी." चिटणीस आनंदाने ओरडलेच. दुपारी कागद आणि फोटोवाला घेऊन येतो म्हणाले.

अप्पा उशांना टेकून बसले होते. दाढी करून घेतली होती, धुतलेला सदरा घातला होता. खिडकीतून ऊन त्यांच्या पांघरुणावर आलं होतं, आणि त्यात त्यांचे हात अगदी वाळलेले दिसत होते. तिने तोंडभरून सांगितलं, नाव सापडलं, कारखाना सापडला, सामन्यांची वर्णनं सापडली, चिटणीस दुपारी येतायत. अप्पा ऐकत होते. तिचं संपल्यावर म्हणाले, "आणि ती मुलगी?"

"कोणती मुलगी?"

"खोलीत होती ती. माझ्याहून थोडी मोठी." मग तिच्या तोंडाकडे बघत ते हळूच म्हणाले, "आता तो एक्स-रेवाला चेहरा करू नकोस. माझ्या खुब्याच्या वेळी केला होतास तसा. तेव्हाही मला कळलंच होतं."

ती खाली बसली. अप्पा भिंतीकडे बघत बोलायला लागले, अगदी हिशेब सांगावा तसे. "आम्ही त्या खोलीत गेलो तेव्हा त्या दोघी जिन्यातच होत्या, ती बाई आणि ती मुलगी. आईने मला आत ओढलं आणि दार लावलं. जरा वेळाने मुलगी वर आली. काहीतरी राहिलं असेल तिचं. दार वाजवायला लागली. हरवलं तर सांगता यावं म्हणून पोरांना शिकवतात ना, पूर्ण नाव, बापाचं नाव, खोली, तसं ती दाराबाहेर उभी राहून सगळं सांगायला लागली. आमचं घर आहे, उघडा. बापाचं नाव घेऊन हाका मारत होती. आत वडील खाटेवर बसले होते. आई त्यांच्याकडे बघत होती. ते भिंतीकडे बघत होते. कुणी ओ दिली नाही." पुढे म्हणाले, "दुसऱ्या दिवशी आईने मला तेच नाव पाठ करायला बसवलं. त्या पोरीने म्हटलं होतं तसंच, त्याच क्रमाने. पुढे एक माणूस आला चौकशीला. माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, तुझं नाव काय रे बाळ? मी घडाघडा म्हणून दाखवलं. शाबास म्हणाला तो मला."

"तुम्ही पाच वर्षांचे होतात, अप्पा."

"म्हणून तर पाठ झालं." मग म्हणाले, "वडिलांनी त्या माणसाला काय सांगितलं, ते लिहिलंय का तिथे?"

"लिहिलंय."

"हं." ते तिच्याकडे वळले. "मला वाटलं होतं, तू शोधलंस तर सापडेल. म्हातारी झाली असेल, नाही तर तिची पोरंबाळं तरी. त्यांना बसवायचं समोर. मी घरीच बरा. चिटणीस आला तेव्हापासून एवढंच डोक्यात होतं. मला स्वतःला शोधायचा धीर झाला नाही कधी. सांग आता. जगली का ती?"

डॉक्टर सांगतील, असं म्हणायची तिला अनावर ओढ झाली. सगळी वर्षं तो दुसरा कुणीतरी होता, तिच्या मागून येऊन सांगणारा. आता खोलीत ती दोघंच होती. एक खोटंही तयार होतं तोंडाशी: जगली, मोठी झाली, दूरदेशी गेली. अप्पांनी मानलंही असतं, किंवा मानल्यासारखं केलं असतं. "नाही जगली," ती म्हणाली. "त्याच साली गेली, आश्रमात. घटसर्पाने. तिचे वडील आधीच गेले होते, पाय कापल्यावर. आईचा पत्ता नाही. कुणीच उरलं नाही, अप्पा, बोलवायला." आवाज तिचाच होता, पण ओला, ओळखू न येणारा. चेहरा पार मोडला होता आणि ती तो झाकतही नव्हती.

अप्पा रडले नाहीत. म्हणाले, "मैदानाच्या दारावर नाव लागू दे. ते त्याचंच आहे. पण त्याच्या घरचे म्हणून आपण उभं राहायचं नाही. चिटणिसाला सगळं सांग. आजच." "भाऊ खवळेल." "खवळू दे." तिने मान हलवली. मग जे सकाळपासून मनात होतं ते तिने विचारलं, "मग आपलं आडनाव काय, अप्पा? खरं?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत आता पाणी होतं. "त्या खोलीत जाईपर्यंत मला ते येत असणार गं. पाच वर्षांच्या पोराला आपलं नाव येतंच. मी फार आठवून बघितलं, पोरी. इतकी वर्षं बघतोय. आईला विचारलं तर ती तोंडावर हात ठेवायची. नाही येत."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, माणसांचं हसणं आलं, फोटोवाल्याच्या सामानाचा खडखडाट झाला. चिटणिसांनी दारावर थाप मारली आणि भरदार आवाजात, आडनाव घेऊन, हाक दिली. ती आणि अप्पा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग पुन्हा थाप पडली, पुन्हा तीच हाक आली. तिने अप्पांचं पांघरूण सारखं केलं, डोळे पुसले आणि दार उघडायला उठली.